जुन्या सायकलीचें वय

वाशीमकडील एखाद्या घरीं माळ्यावर पडलेली आजोबांची सायकल भंगारांत देण्यापूर्वीं तिचें वय पाहावें. पुढच्या नळीवरील मुद्रा कारखाना सांगते. मुंबईच्या ‘हिंद’ची सायकल १९३९ पूर्वींची असणें शक्य नाहीं, तो कारखानाच त्या सालीं निघाला. इंग्रजी ‘स्टर्मी-आर्चर’ गियरच्या हबावर ‘५२’ असल्यास हब १९५२ चा. इटलीच्या ‘कँपान्योलो’ गियरवर ‘पेटंट’ शब्दापुढें ‘७२’ असल्यास तो १९७२ चा. परंतु चाकें व गियर मागाहून बदलतां येतात. म्हणून असा आंकडा त्या भागाचें वय सांगतो, सायकलीचें नव्हे. नगरपालिकेच्या सायकल-कराचा सालवार बिल्ला राहिला असेल, तर सायकल त्या सालीं रस्त्यावर होती हें कळतें. सर्व खुणा एकमेकींशीं जुळल्या, तरच साल ठरवावें. भंगारांत गेलेली साक्ष पुन्हां मिळत नाहीं.