विश्लेषण : लहानपणीचा आवडता लेखक मोठेपणीही साथ का सोडत नाही?

डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या आमच्या घरी सध्या जेवणं आटोपली की अर्धा तास ‘फास्टर फेणे’चं वाचन चालतं. वाचतो मी, ऐकतात बाबा. साधारण वीस वर्षांपूर्वी हे उलट होतं. मधुमेहामुळे बाबांची नजर अधू झाली आणि पेपरच्या मथळ्यांपलीकडचं वाचन बंद पडलं. मोबाइलवर ऐकायची पुस्तकं लावून दिली, ती त्यांनी दोन दिवसांत बंद केली. मग कपाटातून भा. रा. भागवत बाहेर काढले. ‘मला काय लहान मूल समजतोस?’ म्हणणारे बाबा तिसऱ्या रात्री स्वतःच विचारू लागले, ‘आज नाही का वाचायचं?’

एका लेखकाच्या नावासरशी अख्खं बालपण डोळ्यांपुढे का उभं राहतं, ते समजून घेऊ.

कोण होते भा. रा. भागवत?

भास्कर रामचंद्र भागवत यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूरला झाला. मुलांसाठी त्यांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं. पत्नी लीलावती भागवत याही बालसाहित्यकार. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा भागवतांनी मराठी मुलांपर्यंत पोहोचवल्या. पण घराघरांत शिरला तो बनेश ऊर्फ फास्टर फेणे. मूळचा फुरसुंगीचा, पुण्यात विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काडी, पण सायकलवर सुसाट. दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो साकारला. २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला आणि खुद्द भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर होते. भागवतांचं निधन २७ ऑक्टोबर २००१ रोजी झालं.

मुलांना तो इतका आपला का वाटला?

फेणेकडे कुठलीही जादू नाही. आहे ती चौकस नजर, पळणारे पाय आणि नको तिथे नाक खुपसायची खोड. तो प्रतापगडावर जातो, गुलमर्गला जातो. म्हणजे नकाशात सापडणाऱ्या गावांत. त्यामुळे ‘हे मलाही जमेल’ असं वाचणाऱ्याला वाटतं. माझ्यापुरतं सांगायचं तर यंत्र उघडून बघायची सवय व्हर्नच्या कथांनी लावली आणि प्रश्न विचारायची फेणेने. पहिलीमुळे इंजिनीअरिंगला गेलो, दुसरीमुळे बातमीदारीत आलो.

पुस्तक उघडताच जुन्या आठवणी का येतात?

मेंदू एखादी गोष्ट साठवताना तिच्या आजूबाजूचं वातावरणही सोबत साठवतो. त्यातला एक धागा ओढला की बाकीचं मागोमाग येतं. त्यात लहानपणी आपण एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतो, त्यामुळे हे धागे पक्के होतात.

वासाचाही यात वाटा असतो. जुन्या कागदातील लिग्निन हा घटक हळूहळू विघटित होतो आणि त्यातून व्हॅनिलासारखा मंद वास येतो. वासाचे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृतींशी निगडित भागांपर्यंत फार थेट पोहोचतात. म्हणून पान नाकाशी नेलं की आधी मन हलतं, आठवण मागून येते.

या आठवणी खऱ्याच असतात का?

पूर्णपणे नाही. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली ‘रिमेंबरिंग’ या ग्रंथात मांडलं की आठवण म्हणजे जपून ठेवलेला फोटो नव्हे. आठवताना आपण ती दरवेळी नव्याने जुळवतो. आमच्या घरी याचा पुरावा लगेच मिळाला. लोडशेडिंगच्या वेळी बाबा मेणबत्तीच्या उजेडात वाचायचे, असं मी वर्षानुवर्षं मित्रांना सांगत आलो. बाबा म्हणाले, ‘मेणबत्ती कुठली? चार्जिंगचा दिवा होता. तू त्याचं बटण खराब केलंस, तेव्हा ओरडलो होतो.’ ओरडा मी साफ विसरलो होतो.

आपल्या भागात ही पुस्तकं कुठे मिळतात?

ग्रंथालयं हा इथला जुना ठेवा आहे. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. डोंबिवलीत २०१७ साली ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला इथलेच लेखक पु. भा. भावे यांचं नाव दिलं होतं. फास्टर फेणेची पुस्तकं दुकानांत आणि ऑनलाइनही मिळतात. मात्र घरात लहानपणीची प्रत असेल तर आधी ती शोधा. तिच्यातील डाग आणि पेन्सिलच्या रेघा नव्या प्रतीत मिळणार नाहीत.

मोठ्यांना वाचून दाखवण्याने काय होतं?

बाबांची नजर याने परत येणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पण अर्धा तास ते रुग्ण नसतात. फेणे संकटात सापडला की ते उशीला टेकलेले उठून बसतात.

गेल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, ‘तुमच्या लहानपणी तुम्हाला यातलं कुठलं आवडायचं?’ ते म्हणाले, ‘आमच्या घरी पाठ्यपुस्तकं सोडून पुस्तकं कुठे होती? हे सगळं मी पहिल्यांदा वाचलं ते तुला वाचून दाखवताना.’ थोडं थांबून म्हणाले, ‘तू झोपलास की पुढचं प्रकरण एकटाच वाचून टाकायचो.’