पाणबुडीच्या पोटात

यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावाहून कोणत्याही दिशेने निघाले, तरी पाचशे किलोमीटरांच्या अलीकडे समुद्र भेटत नाही. तरीही याच तालुक्यात बेंबळा नदीवर अडवलेले पाणी धरणाच्या दारांतून सुटले, की वर्धेत, वर्धेतून प्राणहितेत आणि प्राणहितेतून गोदावरीत मिसळत अखेर त्या बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते, ज्याच्या काठी विशाखापट्टणम येथे आपल्या पाणबुडी दलाचे पहिले ठाणे उभे राहिले. कापूस-तुरीच्या मुलखातील वाचकाला नौदलाचा विषय परका वाटावा, यात नवल नाही. परंतु ऑगस्ट २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या साडेसहा महिन्यांच्या अवधीत मुंबईच्या गोदीत व मुंबईच्या समुद्रात ज्या दोन दुर्घटना घडल्या, त्यांचे मर्म उमगण्यास समुद्र पाहिलेला असण्याची गरज नाही.

गाळ काढण्यासाठी विहिरीत बुडी मारणाऱ्याच्या कानांना पाण्याचा जो भार जाणवतो, तोच भार पाणबुडीच्या पोलादी अंगावर असतो. फरक केवळ खोलीचा. दर दहा मीटरांना एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोचे वजन वाढत जाते, म्हणजे तीनशे मीटर खोलीवर तळहाताएवढ्या जागेवर तीन टनांचा दाब येतो. हा दाब सोसण्यासाठीच पाणबुडीचे कवच घडवलेले असते आणि ते तो इमानाने सोसते. म्हणूनच पाणबुडीतील अनुभवी माणसाला समुद्राइतकीच, किंबहुना त्याहून अधिक धास्ती असते ती त्या कवचाच्या आत त्याच्या शेजारी नांदणाऱ्या वस्तूंची.

या वस्तू कोणत्या, हे रशियन बनावटीच्या ‘सिंधु’ मालिकेतील पाणबुडीवरून सांगता येईल. लांबी सुमारे ७३ मीटर, माणसे पन्नासाच्या आसपास. पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. म्हणून बुडालेली पाणबुडी चालते ती विद्युत्घटांवर, आणि हे शिसे व आम्ल यांचे महाकाय घट, शेकड्यांच्या संख्येने, माणसे जेथे वावरतात व निजतात त्याच दालनांच्या तळाखाली मांडलेले असतात. घट भारित होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चारावर गेले, की एक ठिणगी पुरते. घटांत खारे पाणी शिरले, तर क्लोरीनसारखा विषारी वायू तयार होतो. पुढच्या दालनात टॉर्पेडो, म्हणजे स्फोटके आणि इंधन. आणि या सर्वांच्या मधल्या जागेत खाटा, स्वयंपाकघर, नकाशाचे मेज. गोडे पाणी मोजून मिळते, आंघोळ ही चैन ठरते, डिझेलचा वास कपड्यांत आणि केसांत मुरतो, एक जण पहाऱ्यावर गेला की त्याच्या खाटेवर दुसरा पाठ टेकतो, आणि दिवस व रात्र यांतील भेद केवळ घड्याळाच्या आधाराने पाळावा लागतो. अशा ठिकाणी प्रत्येकाला केवळ आपले काम येऊन भागत नाही. अंधारात, धुरात, हाताने चाचपडत कोणती झडप कोठे आहे हे आचाऱ्यालाही ठाऊक असावे लागते, आणि ते ठाऊक आहे अशी खात्री पटल्यावरच छातीवर पाणबुडी दलाचे ‘डॉल्फिन’ चिन्ह लागते.

आय.एन.एस. सिंधुरक्षक ही १९९७ साली नौदलात दाखल झालेली पाणबुडी. २०१० मध्ये विशाखापट्टणम येथे तिच्यावर विद्युत्घटांच्या दालनात आग लागून एक खलाशी मृत्युमुखी पडला होता. त्यानंतर ती रशियात दुरुस्तीला गेली आणि नवी शस्त्रे व यंत्रसामग्री घेऊन २०१३ साली परतली. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात, मुंबईच्या नौदल गोदीत शस्त्रसज्ज अवस्थेत उभी असताना, तिच्या पुढच्या भागात स्फोट झाले. आगीचा लोळ शहरातून दिसला, शेजारीच उभ्या असलेल्या सिंधुघोष पाणबुडीलाही झळ पोहोचली, आणि सिंधुरक्षक धक्क्यालगतच बुडाली. आत १८ जण होते. गोताखोरांना त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास काही दिवस लागले, कारण आतले पाणी तापलेले व काळेकुट्ट होते आणि उष्णतेने वाकलेले दरवाजे उघडत नव्हते. देशाचे लक्ष दुसऱ्या दिवशीच्या स्वातंत्र्यदिनाकडे लागलेले असताना अठरा घरांत दूरध्वनीची वाट पाहिली जात होती. शत्रूची नाव समोर नाही, वादळ नाही, खोल समुद्रही नाही. आपल्याच धक्क्याला दोर बांधलेला, अशा स्थितीत हे सारे घडले, हे विसरता कामा नये.

२६ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटेची गोष्ट मात्र अधिक थांबून सांगण्याजोगी आहे. दुरुस्तीनंतर चाचणीसाठी मुंबईबाहेर समुद्रात गेलेल्या आय.एन.एस. सिंधुरत्नवर, तिसऱ्या दालनात, विद्युत्‌तारांच्या आगीचा धूर भरला. त्या वेळी पाणबुडीवर ९४ माणसे होती, म्हणजे नेहमीच्या संख्येच्या जवळजवळ दुप्पट. कारण चाचण्या पाहण्यासाठी आलेले अधिकारी व तंत्रज्ञही तिच्यावर होते. पाणबुडीची रचना दालनांची असते आणि दोन दालनांमधील भक्कम दरवाजा बंद करता येतो, तो अशाच प्रसंगासाठी: आग ज्या दालनात आहे ते दालन हवाबंद करावे, आगीचा श्वास कोंडावा आणि उरलेल्यांना वाचवावे. हा नियम प्रशिक्षणात सर्वांना पाठ असतो. परंतु त्या दरवाजाच्या एका बाजूला आपले सोबती आहेत हे ठाऊक असताना तो पाळावा लागणे, ही परीक्षा कोणत्याही पुस्तकातील नव्हे. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्या दालनात आग विझवण्यासाठी झटत होते; नंतर त्यांचे मृतदेहच तेथे आढळले. धुराने गुदमरलेल्या सात खलाशांना हवाईमार्गे मुंबईस आणून उपचार करण्यात आले, आणि पाणबुडी व उरलेली सर्व माणसे सुखरूप परतली. त्याच दिवशी नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी गेल्या काही महिन्यांतील अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला आणि सरकारने तो मंजूर केला. सार्वजनिक जीवनात अशी जबाबदारी घेणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे फारशी दाट नाही, म्हणून त्या कृतीचा मान राखलाच पाहिजे. पण एका व्यक्तीच्या राजीनाम्याने जुन्या तारा नव्या होत नाहीत, हेही तितकेच खरे.

धोका कवचाच्या आतच असतो, याकडे जगाचा अनुभवही बोट दाखवतो. १२ ऑगस्ट २००० रोजी बॅरेंट्स समुद्रात रशियाची ‘कुर्स्क’ ११८ माणसांसह गेली, ती टॉर्पेडोतील इंधन झिरपून झालेल्या स्फोटाने. १९७१ च्या डिसेंबरात विशाखापट्टणमसमोर बुडालेली पाकिस्तानची ‘गाझी’ भारतीय विनाशिकेच्या माऱ्याने बुडाली की तिच्या पोटातच स्फोट झाला, याचा वाद आजही मिटलेला नाही. आणि असा वाद होऊ शकतो यातच पाणबुडीचा स्वभाव दिसून येतो.

सिंधुरत्नच्या दुर्घटनेनंतर पावणेपाच वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, मुंबई येथे नौदलाने खोल समुद्रातील बचावयान सेवेत घेतले. समुद्रतळी अडकलेल्या पाणबुडीच्या झाकणाला हे यान वरून चिकटते आणि ६५० मीटरपर्यंतच्या खोलीतून माणसे वर आणू शकते. ही सामग्री आवश्यकच होती, आणि तिला इतका उशीर व्हायला नको होता. तथापि मुंबईच्या त्या दोन्ही दुर्घटनांत हे यान असते तरी कामी आले नसते. एका ठिकाणी क्षणार्धात सारे संपले, दुसऱ्या ठिकाणी संकट धुराचे होते. अशा प्रसंगी जीव वाचतात ते आधीच्या दुरुस्तीने, मुदत संपण्यापूर्वी बदललेल्या घटांनी, विश्रांती मिळालेल्या माणसांनी. आणि दुरुस्तीची आपली गती कोणती, तर आय.एन.एस. सिंधुकीर्ती ही याच मालिकेतील पाणबुडी २००६ साली विशाखापट्टणमच्या गोदीत गेली, ती २०१५ साली बाहेर आली. एक पाणबुडी नऊ वर्षे गोदीत अडकून पडते, तेव्हा तिच्या वाट्याच्या गस्ती उरलेल्या पाणबुड्यांवर पडतात, आणि त्या पाणबुड्यांवरचे घट, तारा व माणसे यांना उसंत मिळत नाही. नव्या पाणबुडीच्या जलावतरणाची वार्ता वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते. जुनीच्या दुरुस्तीला किती दिवस लागले आणि का लागले, हा प्रश्न संरक्षण खात्याच्या मागण्यांवरील चर्चेत कोणत्याही मतदारसंघाच्या खासदाराला दरवर्षी विचारता येण्यासारखा आहे, आणि तो विचारला गेला पाहिजे.