भट्टी चालेल, पण बंद व्हायची नाहीं!

नव्या यंत्राबरोबर येणाऱ्या छापील पुस्तिकेस आपल्या सुशिक्षित घरांतून वेदवाक्याचा मान मिळतो. छापलेलें तें खरें, ही आपली जुनी श्रद्धा. गेल्या दिवाळीपूर्वीं आमच्या परभणीच्या घरांत ती कशी डळमळली, हें वाचकांस सांगण्याजोगें आहे. कारण तसा प्रसंग कोणत्याहि स्वयंपाकघरांत उद्भवूं शकेल.

धाकट्या सूनबाईंची नानकटाई घरांतील लहानथोरांस प्रिय. त्यांच्यासाठीं भिंतींत बसवावयाची विजेची भट्टी आणिली. तिला प्लग नव्हता. पाठीमागच्या जोडपट्टीस भिंतींतील तारा जोडावयाच्या होत्या. चिरंजीव पुस्तिका उघडून स्वतःच कामास बसले. मजकुरांत होतें, ‘तपकिरी तार प्रवाहाची, निळी परतीची.’ आमच्या भिंतींत तर तांबडी, काळी आणि हिरवी! पुढील पानावरील आकृतींत काळी तार प्रवाहाची दाखविली होती. घरांत काळी तार होतीच. चिरंजीवांनीं आकृति प्रमाण मानिली. बटण दाबतांच भट्टी तापली आणि मुलांनीं टाळ्या वाजविल्या.

सायंकाळीं दुसऱ्या कामास आलेल्या वृद्ध वायरमनांनीं भट्टीचें बटण बंद केलें, आंतील दिवा काढला आणि रिकाम्या होल्डरला टेस्टर लाविला. टेस्टर उजळला. ते शांतपणें म्हणाले, “काका, भट्टी चालेल, पण बंद व्हायची नाहीं.”

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. भट्टीचें बटण प्रवाहाची वाट तोडण्यासाठीं असतें. तारांची अदलाबदल झाली कीं तें परतीची वाट तोडतें; भट्टी थंड होते, परंतु भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत तिच्या अंतर्भागांत वीज उभीच राहते. बंद समजून एखादी गृहिणी दिवा बदलावयास हात घालील, तर काय होईल? यंत्र चालतें म्हणून जोडणी बरोबर, हा समजच घातक.

हा घोटाळा होतो कसा? तांबडी प्रवाहाची, काळी परतीची, हिरवी जमिनीची, ही रीत आपण ब्रिटिशांकडून घेतली. यूरोपांत उपकरणांच्या दोऱ्यांसाठीं १९७० च्या सुमारास तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी ही रीत आली. खुद्द ब्रिटनमध्यें भिंतींतील तारा मात्र २००४ पर्यंत तांबड्या-काळ्याच होत्या. अमेरिकेंत काळी तार प्रवाहाची आणि पांढरी परतीची. एकच पुस्तिका अनेक देशांसाठीं छापिली, कीं एका देशाचा मजकूर आणि दुसऱ्याची आकृति शेजारीं येऊन बसतात.

यास्तव रंगांवर विसंबूं नये. जोडपट्टीवर ‘एल्’ हें अक्षर प्रवाहाचें व ‘एन्’ परतीचें. घरांतील कोणती तार कोणती, हें परवानाधारक वायरमननें तपासूनच ठरवावें. तसेंच यंत्राच्या पाटीवरील आंकडे वाचावे. ३,००० वॅटच्या भट्टीस २३० व्होल्टवर सुमारें १३ अँपिअर प्रवाह लागतो. तिला दिव्यांच्या तारेवर किंवा ६ अँपिअरच्या सॉकेटवर बसवूं नये. बोर्डापासून स्वतंत्र, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी. ४ ची असल्यास उत्तम.

आणखी एक गोष्ट परदेशीं लिहिलेल्या पुस्तिकेस ठाऊक असणें शक्य नाहीं. ‘जमिनीस जोडा,’ एवढेंच ती सांगते. पण आमची परभणीची काळी जमीन वैशाखांत भेगाळते. ओल गेली कीं अर्थिंगचा जमिनीशीं संबंध दुबळा होतो. म्हणून त्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी घालीत जावें. शिवाय ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडणारें यंत्र बोर्डावर बसवावें व त्याचें चांचणीचें बटण महिन्यांतून एकदां दाबून पाहावें.

वायरमनांनीं तारा नीट जोडिल्या, पुन्हा टेस्टर लाविला. या वेळीं तो उजळला नाहीं. त्या दिवशींची नानकटाई रात्रीं उशिरां झाली. पहिली बशी त्यांच्या पुढें ठेविली. चिरंजीवांनीं ती पुस्तिका टाकून दिली नाहीं. त्या आकृतीवर ठळक फुली मारून ‘आपल्या घरासाठीं नव्हे’ असें लिहून ठेविलें आहे.