इन्स्टॉलेशनची फ्लॉपी अडते कुठे?

स्लॅकवेअर लिनक्स (पहिली आवृत्ती : जुलै १९९३) : फ्लॉपीवरून बसवल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांसाठी

• साडेतीन इंची फ्लॉपी : दोन बाजू, प्रत्येकी ८० ट्रॅक, ट्रॅकला १८ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. एकूण १४,७४,५६० बाइट.

• बूट व रूट डिस्क : या इमेज फाइल. नुसत्या कॉपी करून यंत्र सुरू होत नाही. डॉसमध्ये ‘रॉराइट’, युनिक्समध्ये ‘डीडी’ हा प्रोग्राम वापरून सेक्टरनिहाय उतरवाव्या लागतात. पॅकेजच्या डिस्क (ए, एन वगैरे संच) मात्र साध्या डॉस फॉरमॅटच्या. त्यांवर फाइल कॉपीच करायच्या. गल्लत होते ती इथेच.

• ‘रीड एरर’ आल्यास आधी फ्लॉपी बदला. नव्या फ्लॉपीवरही तीच अडचण आली, तर इमेज पुन्हा डाउनलोड करा. एफटीपीने घेताना बायनरी मोडच हवा.

• फ्लॉपी एका ड्राइव्हवर चालते, दुसऱ्यावर नाही : ड्राइव्हचे हेड सरकलेले असू शकते.

• खराब सेक्टर निघालेली फ्लॉपी पुन्हा वापरू नका.