पर्जन्याचें गणित

वऱ्हाडांत पेरणी एकदां उलटली कीं बियाणें, मजुरी व मोसम हीं तिन्हीं हातचीं जातात. म्हणून पावसाचें भाकीत हा येथें केवळ जिज्ञासेचा विषय नव्हे. वातावरणाचे चौकोन कल्पून पुढील हवा समीकरणांनीं काढण्याची रीत रिचर्डसन या आंग्ल पंडितानें १९२२ सालीं ग्रंथरूपानें मांडली. त्याच रीतीनें चालणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें 'अर्का' या महासंगणकाच्या बळावर सिद्ध केली. ती २६ मे २०२५ रोजीं सुरू झाली आणि चौकोनाची बाजू १२ किलोमीटरांवरून ६ वर आली. तरीहि अशा एका चौकोनांत ३६ चौरस किलोमीटर भूमि येते. एकाच शिवारावर पडणारी सर त्यांत वेगळी दिसत नाहीं. सबब अमरावती-अकोल्याकडील शेतीवाल्या वाचकांनीं भाकीत अवश्य पाहावें. परंतु जमिनींत पुरेशी ओल मुरल्यावांचून तिफण जुंपूं नये.