आखाजीचा झोका आणि गुलाबाईचा डबा

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुटींत घरचीं सहाहि मुलें एकत्र जमलीं होतीं. दोन पुण्याचीं, एक मुंबईचें आणि तीन येथलीं, जळगांवचीं. पारा ४४ अंशांच्या वर गेलेला. मुलांची सुटी चांगली जावी म्हणून आम्हीं व आमच्या बंधूंनीं बराच खल केला आणि अखेर सर्व मंडळींसह एका थंड हवेच्या ठिकाणीं चार दिवस काढून आलों. खर्च किती झाला हें येथें सांगत नाहीं. घरांत तो विषय अद्यापि निघाला म्हणजे आम्हीच तेथून उठून जातों. त्या ठिकाणीं मुलांसाठीं पोहण्याचा तलाव होता, खेळांचें निराळें दालन होतें, जेवणांत रोज नवे पदार्थ मांडलेले असत. मुलें पहिल्या दिवशीं हरखलीं, दुसऱ्या दिवशीं भांडलीं, आणि तिसऱ्या दिवशीं हातांत मोबाईल घेऊन सहा कोपऱ्यांत सहा जणें बसलीं.

घरीं परतलों त्याच्या दुसऱ्या दिवशीं पहाटें आमच्या वृद्ध आत्यांनीं कुरडयांसाठीं गव्हाचा चीक शिजवावयास घेतला होता. त्यांनीं सहज हांक मारली, "गच्चीवर कावळे हाकायला कोण येतंय रे?" तों सहाच्या सहा मुलें जिना चढून वर गेलीं, तीं ऊन डोक्यावर येईपर्यंत खालीं उतरलीं नाहींत. कोणी सोऱ्या दाबीत होतें, कोणी काठी घेऊन पहारा करीत होतें, आणि सर्वांचें लक्ष वाटींतल्या ऊन ऊन चिकाकडे होतें. मुंबईच्या मुलीनें तर आपल्या कुरडया कोणत्या हें ओळखतां यावें म्हणून त्यांच्याभोंवतीं खडूनें रेघ ओढून ठेविली. थंड हवेच्या ठिकाणीं मुलांना करमणूक मिळाली होती. जें त्यांनीं न केल्यास खरोखरच अडेल असें काम मात्र तेथें एकहि नव्हतें.

तेव्हांपासून आमच्या घरीं सुटीचा विचार आम्ही निराळ्या रीतीनें करूं लागलों आहों. त्यासाठीं नवें कांहीं शोधावें लागलें नाहीं. खानदेशांत उन्हाळ्याच्या सुटीची आणि आखाजीची गांठ पूर्वापार पडलेली आहे. वैशाख शुद्ध तृतीया, जिला इतरत्र अक्षय्य तृतीया म्हणतात, ती आमच्याकडे आखाजी. आणि तिचा मान दिवाळीच्या बरोबरीचा. शेतकऱ्याच्या घरीं सालदाराचें जुनें साल या दिवशीं संपतें व नवें धरलें जातें. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधले जातात. आमच्या पांढरपेशा घरांतून मात्र या झोक्यांकडे जरा लांबूनच पाहण्याची रीत पडली. आपण चैत्रगौर मांडतों, आंब्याची डाळ आणि पन्हें करतों, हळदीकुंकू उरकतों आणि आखाजीचा झोका म्हणजे मळ्यांतल्या मंडळींचा खेळ असें समजतों. वस्तुतः चैत्र शुद्ध तृतीयेस बसलेली आपली गौर ज्या दिवशीं निरोप घेते तो दिवस हाच. तिला आपण महिनाभर झोपाळ्यावर बसवितों. घरच्या लेकीसुना त्या महिन्यांत झोपाळ्यावर किती वेळ बसतात, याचा हिशेब सुज्ञ वाचकांनीं आपापल्या घरीं करून पाहावा.

आखाजीच्या सकाळीं पितरांच्या नांवें घागर भरतात. कुंभाराकडून आणलेली नवी मातीची घागर, तिच्यांत गार पाणी, तिच्यावर लहानसें मातीचें भांडें आणि त्यावर डांगर. (पुण्याकडच्या वाचकांनीं येथें पापडांचें डांगर किंवा भोपळा समजूं नये, खानदेशांत डांगर म्हणजे खरबूज.) पुरणपोळी व आमरस यांचा नैवेद्य होतो आणि तो होईपर्यंत आमच्या घरचीं वडील माणसें आंबा तोंडांत घालीत नाहींत. हें सर्व काम आम्हीं आतां मुलांकडे सोंपविलें आहे. कुंभाराकडे जाऊन घागर बोटानें वाजवून घ्यावयाची, आदल्या रात्रीं पाण्यानें भरून ती पाझरते किंवा कसें हें पाहावयाचें, आणि सकाळीं ज्यांच्या नांवें ती भरावयाची त्यांचीं नांवें न चुकतां सांगावयाचीं. आपल्या पणजोबांचें नांव आमच्या पुतण्यास ठाऊक नव्हतें. घागरीमुळें त्याला तें पाठ झालें. इतकेंच नव्हे, तर पणजीचें नांव कोणी घेत नाहीं हेंहि त्याच्या ध्यानांत आलें, आणि तें सांगतां सांगतां आत्यांची सकाळ गेली.

झोक्यासंबंधीं थोडें व्यावहारिक. दोर सुती व जाड असावा. नायलॉनचा हातांस कापतो. फांदी हिरवी पाहावी, वाळकी नको. झाड नसेल तर जुन्या वाड्यांतील तुळईची कडी चालते, परंतु मुलांस बसविण्यापूर्वीं एखाद्या भरभक्कम माणसानें तीवर चांगले चार झोके घ्यावे. आमच्या घरीं हा मान निर्विवादपणें आम्हांकडे येतो.

पहिला झोका माहेरीं आलेल्या लेकीचा, असा आत्यांचा दंडक. दोन वर्षांपूर्वीं आमच्या भगिनी झोक्यावर बसल्या होत्या आणि मुंबईची सात वर्षांची पुतणी मागून झोका देत होती. देतां देतां ती थांबली आणि तिनें विचारलें, "मग काकूचा झोका कुठें आहे?" काकू म्हणजे आमची धाकटी भावजय. ती त्या वेळीं स्वयंपाकघरांत खापरावर पोळ्या भाजीत होती. तिचें माहेर धुळ्याचें, पांझरेच्या कांठीं देवपुरांतलें. जळगांवाहून धुळें सुमारें ९० किलोमीटर. लग्नाला अकरा वर्षें झालीं होतीं, आणि त्या अकरा वर्षांत आखाजीस ती एकदांहि माहेरीं गेली नव्हती. कोणी तिला मनाई केली होती असें नव्हे. जा असें कोणी म्हटलें नव्हतें, एवढेंच. आम्ही मुलीला देण्यासाठीं उत्तर शोधूं लागलों. घागरीचा स्वयंपाक मग कोण करणार, हें एकच उत्तर आमच्याजवळ होतें आणि तें मुलांदेखत उच्चारावयास जीभ रेटेना. तेवढ्यांत ओसरीवरून आत्या म्हणाल्या, "मी आहे ना अजून. आणि हीं सहा जणं आहेत कीं."

गेल्या वर्षीं आखाजीच्या आदल्या दिवशीं भावजय आपल्या दोन्ही मुलांस घेऊन धुळ्यास गेली. मागें जें घडलें त्याचें वर्णन थोडक्यांत करणें बरें. दहा वर्षांच्या चिरंजीवांनीं कणीक तिंबली, पुरण आम्हीं स्वतः वाटलें, बंधूंनीं खापराशीं झगडा मांडला. पोळ्यांना कोणत्याहि प्रांताचा नकाशा म्हणतां आला असता. नैवेद्यापुरत्या पांच साधल्या. बाकी मंडळींनीं आमरसाबरोबर साध्या पोळ्या खाल्ल्या. नातलगांत थोडी कुजबुज झाली. पितर रुष्ट झाल्याचें कांहीं चिन्ह आजवर दिसलेलें नाहीं. मुलांना मात्र ती आखाजी जितकी आठवते तितकी दुसरी कोणतीहि आठवत नाहीं, कारण त्या दिवशीं चुकण्याचा अधिकार प्रथमच मोठ्यांनाहि मिळाला होता.

पावसाळा सरतां सरतां गुलाबाई येते. भाद्रपदी पौर्णिमेस बसते आणि आश्विनांतल्या कोजागरीस उठते. आमच्या घरीं जळगांवचीं मुलें तिला भुलाबाई म्हणतात आणि धुळ्याहून भावजयीचीं भाचरें आलीं कीं तीं गुलाबाई म्हणतात. यावर दरवर्षीं वाद होतो व तो मिटूं नये अशीच सर्वांची इच्छा दिसते. कोनाड्यांत शंकरपार्वतीची मातीची जोडमूर्ति मांडावयाची. पार्वतीनें भिल्लिणीचें रूप घेतलें, तिला पाहून शंकर भुलला, म्हणून तो भुलोबा आणि ती भुलाबाई, अशी कथा बायका सांगतात. संध्याकाळीं मुली जमून टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणीं म्हणतात आणि शेवटीं खाऊ ओळखतात. पश्चिम महाराष्ट्रांत पाटावर हत्ती काढून भोंडला करतात त्याचीच ही बहीण. खिरापत ओळखण्याची गंमत दोहींकडे सारखीच.

या खाऊसंबंधीं आमच्या घरीं एकच नियम आहे: तो विकतचा नसावा आणि ज्याच्या वाट्याला दिवस आला त्या मुलानें स्वतः केलेला असावा. झांकलेला डबा कानाशीं हलवून ओळखावयाचें असल्यामुळें पदार्थाच्या चवीपेक्षां त्याच्या आवाजाचाच विचार मुलें अधिक करतात. फुटाणे लगेच ओळखूं येतात. लाडू गडगडतो. शेंगदाणे व चणे यांतला भेद सांगणारे कानसेन आमच्या घरांत दोन आहेत. गेल्या खेपेस पुतण्यानें पिकल्या केळ्याचे काप साखर घालून ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेविले. डबा पार मुका झाला. शिरा, खोबरें, भोपळ्याच्या घाऱ्या, सगळीं नांवें घेऊन झालीं. केळें कोणी म्हटलें नाहीं, आणि तेंहि जळगांवांत! मुलगे या खेळांत कशाला, असें कांहीं घरीं विचारलें जातें. डबा भरण्याचें काम त्यांच्याकडे देऊन पाहावें, मग ते स्वतःच विचारतात कीं उद्यां पाळी कोणाची.

परंतु गुलाबाईचा खरा ऐवज तिचीं गाणीं. आमच्या घरीं तीं सबंध येतात तीं एकट्या आत्यांस, आणि त्यांचें वय आज ८३ आहे. म्हणून मुलांनीं एक वही केली. एक जण आत्यांचें गाणें मोबाईलवर मुद्रित करतो, दुसरा ऐकून लिहितो आणि तिसरा धुळ्याच्या आजींना फोन करून त्यांच्याकडचा पाठ विचारतो. दोन्ही पाठ शेजारीं शेजारीं उतरून घेतात. कोणता खरा हा वाद आम्हीं मना केला आहे. लिहून घेण्याचें महत्त्व खानदेशास निराळें सांगावयास नको. जळगांवजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या ओव्या घरच्यांनीं उतरून घेतल्या, म्हणून १९५२ सालीं चिरंजीव सोपानदेव यांना त्यांचें पुस्तक काढतां आलें आणि आखाजीवरची त्यांची कविता आज शाळेंतल्या मुलांच्याहि ओळखीची आहे. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं म्हणून उरलीं. दिवाळीच्या सुटींत आम्हीं मुलांस धुळ्याचें समर्थ वाग्देवता मंदिर दाखविलें. शंकरराव देवांनीं गांवोगांव हिंडून मिळविलेल्या त्या पोथ्या पाहून परत येतांना पुतणी म्हणाली, "आपली वही एवढी जुनी कधीं होईल?"

वही लिहितांना एक प्रसंग घडला. गाण्यांतली सासू फार दुष्ट, सासरीं सारें वाईट आणि माहेरीं सारें गोड, हें मोठ्या पुतणीस पटेना. ती तेरा वर्षांची, विचार करणारी मुलगी आहे. तिनें आत्यांस विचारलें, "हें असलं मुलींनीं कशाला म्हणायचं?" आत्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "अगं, सासूदेखत मोठ्यानं म्हणतां येईल असं तेवढंच होतं आमच्याजवळ." आमची भावजय दारांत उभी राहून ऐकत होती. ती कांहीं बोलली नाहीं. पुतणीनें तें वाक्य वहींत गाण्याच्या खालीं तारीख घालून लिहून ठेविलें आहे.

दिवाळींत मुलांना काय दाखवावें हा प्रश्न जळगांवांत पडत नाहीं. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून जुन्या गांवांत श्रीरामाचें वहन निघूं लागतें आणि प्रबोधिनी एकादशीस रथ. अप्पा महाराजांनीं १८७२ सालीं सुरू केलेल्या या उत्सवास दीडशें वर्षें होऊन गेलीं. मुलांचे डोळे देवाइतकेच मोगरीवाल्यांवर असतात. चाकाखालीं नेमकी लांकडी मोगरी सारून एवढा थोरला रथ थांबविणें व वळविणें हें काम त्यांना कोणत्याहि यंत्रापेक्षां नवलाचें वाटतें. भिलपुऱ्यांत लालशा बाबांच्या समाधीपाशीं रथ थांबतो, तेव्हां कां थांबला असें मुलें विचारतात. त्या वेळीं घाईनें पुढें न ओढतां उभें राहून सांगावें.

चंपाषष्ठीची सहल तर सर्वांत स्वस्त. चातुर्मासांत वर्ज्य असलेलें वांगें मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस खंडोबाच्या भरीतरोडग्याबरोबर पानांत परत येतें. त्यानंतरच्या रविवारीं एखाद्या स्नेह्याच्या मळ्यांत जावें. पऱ्हाट्यांच्या जाळांत मोठीं हिरवीं वांगीं भाजावीं, सालें मुलांनीं काढावीं, कळण्याची भाकरी घरून न्यावी. बोटें थोडीं भाजतात, कपडे काळे होतात. मुलांस पांढरे कपडे घालून नेऊं नये, एवढीच सूचना.

हा लेख लिहीत असतांना धुळ्याहून भावजयीच्या मातुःश्रींचा फोन आला. परसांतल्या निंबाची मागल्या वर्षींची फांदी यंदा वाळली आहे, म्हणून झोका दुसऱ्या फांदीवर बांधावयाचा ठरला आहे, आणि ती फांदी उंच असल्यामुळें दोर दोन हात अधिक लागेल. तो येतांना जळगांवाहून आणावा, असा त्यांचा निरोप आहे. सहाहि मुलें यंदा धुळ्यास जाणार म्हणतात. पुरण वाटावयास येथें कोण राहणार याचा निर्णय अद्यापि झालेला नाहीं, तरी सर्वांच्या नजरा आम्हांकडेच आहेत.