आठच्या ठोक्याला थांबणारा रस्ता

बेल्जियममधील ईपर या लहानशा शहराच्या वेशीवर मेनिन गेट नावाची भव्य कमान आहे. तिच्याखालून वाहनांचा नेहमीचा रस्ता जातो. पण रोज रात्री आठ वाजता पोलीस वाहतूक थांबवतात. बिगूलवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहून मृत सैनिकांना निरोप देणारी ‘लास्ट पोस्ट’ची धून वाजवतात. काही मिनिटांनी रस्ता पुन्हा सुरू होतो.

११ नोव्हेंबरला मात्र सकाळी अकरालाही येथे गर्दी लोटते. १९१८ साली याच दिवशी, याच वेळी पहिले महायुद्ध थांबले. त्या सकाळी कमानीच्या छतातील झरोक्यांतून पॉपीच्या लाल पाकळ्या बरसतात.

युद्धाच्या चार वर्षांत तोफांनी ईपर बेचिराख केले होते. हे भग्नावशेष स्मारक म्हणून तसेच ठेवावेत, असे विन्स्टन चर्चिल यांचे मत होते. परतलेल्या रहिवाशांना मात्र आपली घरे हवी होती. त्यांनी शहर पुन्हा उभारले आणि मृतांची आठवणही आपल्या अंगावर घेतली.

१९२७ साली उभ्या राहिलेल्या या कमानीवर ५४ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. ही सारी माणसे अशी, की ज्यांची कबर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांत भारतीय सैनिकही आहेत. ऑक्टोबर १९१४ मध्ये भारतीय पलटणी या आघाडीवर पोहोचल्या. ३१ ऑक्टोबरला जवळच्या होलेबेक येथे साथीदार धारातीर्थी पडल्यावरही खुदादाद खान जखमी अवस्थेत मशीनगन चालवत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले भारतीय सैनिक ठरले.

बिगूल वाजवण्याची प्रथा १९२८ मध्ये सुरू झाली. वादक परंपरेने गावच्याच अग्निशामक दलातले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर ताब्यात घेतले, तेव्हा ही धून इंग्लंडमध्ये वाजत राहिली. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश सैन्याने ईपर मुक्त केले आणि त्याच संध्याकाळी मेनिन गेटखाली बिगूल पुन्हा घुमला. ९ जुलै २०१५ रोजी या सोहळ्याने तीस हजारांचा टप्पा गाठला.

सुरुवातीच्या काळात हिवाळ्यातील कित्येक रात्री ऐकायला जेमतेम दोन-चार माणसे असत. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत तर कमानीखाली एकटाच वादक उभा राही. तरी आठ वाजले, की बिगूल वाजायचाच!